क्लचच्या नळीचे लक्षण

क्लच ही मोटारीच्या इंजिनाचा गिअरपेटीशी असलेला संबंध मागणीनुसार तोडणारी आणि पुन्हा जोडणारी यंत्रणा होय. चालकाने डावे पेडल दाबले की एक बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगच्या बोटांवर दाब देते, प्रेशर प्लेट मागे सरते आणि घर्षणाची तबकडी, म्हणजे व्यवहारातली क्लच प्लेट, मोकळी होते. पेडलचा हा हुकूम गिअरपेटीपर्यंत पोहोचवण्याचे काम कित्येक मोटारींत सळ्या किंवा केबल करते; मारुती 800 मध्ये साधी केबलच होती आणि ती तुटली तर तालुक्याच्या कोणत्याही दुकानात दुसरी मिळे. उरलेल्या मोटारींत, विशेषतः 1990 नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत, हे काम द्रव करतो आणि तो द्रव ज्या नळीतून जातो ती नळी हा या निबंधाचा विषय आहे. ही नळी स्वतः हलत नाही, फिरत नाही, तापवली जात नाही, आणि म्हणूनच बहुधा ती गळू लागेपर्यंत मालकाला तिचे अस्तित्व ठाऊकही नसते.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे तत्त्व ब्लेझ पास्कालने मांडले आणि त्याचा त्यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 साली प्रसिद्ध झाला. जोसेफ ब्रामा याने 1795 मध्ये याच तत्त्वावरच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले आणि 1921 च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक आले. क्लचची द्रवयंत्रणा ही त्या ब्रेकचीच धाकटी बहीण. तिचे गणित घरच्या घरी मांडता येण्याइतके सोपे आहे. पायाचा जोर 10 किलो आणि पेडलच्या तरफेचा गुणक 6 धरला, तर पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर 60 किलोचा भार येतो. त्या दट्ट्याचा व्यास पाच अष्टमांश इंच, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 1.98 चौरस सेंटिमीटर असेल, तर नळीतल्या द्रवात दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ 30 किलोचा दाब निर्माण होतो. गिअरपेटीवरच्या स्लेव्ह सिलिंडरचा व्यास सात अष्टमांश इंच असला, तर त्याचे क्षेत्रफळ मास्टरच्या 1.96 पट भरते आणि तिथे 117 किलोच्या आसपास जोर मिळतो. जोर दुपटीला आला की दट्ट्याची चाल निम्मी होते, कारण द्रव काही फुकट देत नाही.

या गणितातच नळीच्या बिघाडाचे स्वरूप दडलेले आहे. मास्टरच्या दट्ट्याची चाल 3 सेंटिमीटर धरली, तर एका दाबात पुढे ढकलला जाणारा द्रव 6 मिलिलीटरच्या जवळपास, म्हणजे जेमतेम चहाच्या एका चमच्याएवढा असतो. आता नळीच्या सांध्यातून 2 मिलिलीटर हवा आत शिरली, तर 30 किलोच्या दाबाखाली ती आकसून जवळजवळ नाहीशी होते आणि तिची जागा भरण्यातच दट्ट्याची एक तृतीयांश चाल खर्ची पडते. पेडल मऊ लागते, क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला गिअर घासून पडतो आणि रिव्हर्स तर पडतच नाही. अशा वेळी मालक गिअरपेटीला दोष देतो आणि अनुभवी मिस्त्री प्रथम बॉनेट उघडून क्लचच्या द्रवाच्या, म्हणजे ब्रेक ऑइलच्या, टाकीतली पातळी पाहतो. उलट प्रकारचा बिघाडही संभवतो: नळीचा लवचीक रबरी तुकडा, म्हणजे होज, आतून फुगून त्याचा मार्ग अरुंद झाला, तर दाब जातो पण परत येत नाही, क्लच अर्धवट दबलेलाच राहतो आणि चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी पुढे सरत नाही. बाहेरून अशी होज अगदी धडधाकट दिसते, त्यामुळे दोष क्लच प्लेटवर ढकलला जातो आणि पुष्कळदा खर्चही त्याच प्लेटवर होतो.

बिघाड ओळखला तरी बदली नळी मिळावी लागते; ती का मिळत नाही, हे एका शहराच्या उदाहरणाने पाहू. अहिल्यानगर, म्हणजे बोलण्यातले नगर, या शहराच्या उत्तरेस, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत नागापूर वसले आहे आणि त्याच्याच नावाने ओळखली जाणारी औद्योगिक वसाहत जिल्ह्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. या शहराचे मोटारीशी आणि नळीशी असलेले नाते जुने आहे. संरक्षण संशोधन संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था इथे आहे. 1948 पासून चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय इथे आहे. त्या दलाचे रणगाडा संग्रहालय 1994 साली इथेच उभे राहिले. कायनेटिक इंजिनीअरिंगचा कारखाना दौंड रस्त्यावर आहे आणि 1972 साली बाजारात आलेली लुना ज्या फिरोदिया घराण्याच्या उद्योगातून निघाली, ते घराणे मूळ नगरचेच. औद्योगिक वसाहतीत अखंड पोलादी नळ्या बनवणारा कारखाना आहे. अखंड नळी म्हणजे तापलेल्या भरीव पोलादी गोळ्यात सूळ घालून, त्याला फिरवत व ओढत बनवलेली, कुठेही सांधा नसलेली नळी. एवढे असूनही क्लचची फुटलेली नळी बदलायला निघालेल्या जुन्या गाडीच्या मालकाला या गावात तयार नळी मिळेलच असे नाही, आणि यात विसंगती मुळीच नाही. मोटारीच्या ब्रेक-क्लचची बारीक पोलादी नळी सहसा अखंड प्रकारची नसते. ती पातळ पोलादी पट्टी दोन वेढे गुंडाळून आणि तांब्याने सांधून तयार होते, जेणेकरून एका थरातली फट दुसऱ्या थराने झाकली जावी. नळ्यांच्या गावाला हीच नळी बाहेरून आणावी लागते, हा उद्योगांच्या विशेषीकरणाचा स्वाभाविक परिणाम आहे. रणगाड्याच्या संग्रहालयातल्या वाहनांना मात्र ही अडचण नाही. उभ्या वाहनाला क्लच लागत नाही.

दुर्मिळतेचे कारण उत्पादनापेक्षा वयात अधिक आहे. टाटांची सिएरा 1991 साली आली, इस्टेट तिच्या पाठोपाठ आणि सुमो 1994 मध्ये; यांपैकी सुमो गावोगावच्या वडाप-वाहतुकीत इतकी रुळली की तिचे पुष्कळ भाग आजही मिळतात, पण सिएरा आणि इस्टेट यांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. त्याआधी चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासेत, बनलेली स्टँडर्ड हेरल्ड हीदेखील द्रवदाबाच्या क्लचची गाडी होती. अलीकडच्या गाड्यांची स्थिती याहून निराळी, पण बरी नाही: पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगावात 2009 पासून बनलेल्या फियाटच्या लिनिया आणि पुंटो आता विक्रीत नाहीत, जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि फोर्डने 2021 मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. कायद्याच्या नजरेतही यांतल्या पुष्कळ गाड्या मधल्यामध्ये अडकल्या आहेत. खासगी वाहनाची नोंदणी 15 वर्षांनी तपासणीनंतरच नूतनीकृत होते, आणि 2021 च्या नियमांनुसार विंटेज हा मान मिळण्यासाठी वाहन पन्नाशी ओलांडलेले असावे लागते. पंधरा ते पन्नास या वयातल्या गाडीला नव्या गाडीची पुरवठासाखळी नाही आणि विंटेज गाडीची प्रतिष्ठाही नाही. तिचा मालक छंदी धनिक असेलच असे नाही, बहुधा तो दुसरी गाडी घेणे परवडत नाही म्हणून किंवा वडिलांची गाडी विकवत नाही म्हणून तिला चालवत असतो.

अशा मालकाची शोधयात्रा पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांपर्यंत, मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारापर्यंत जाते आणि पुष्कळदा रिकामी परतते. येथे न्यायशास्त्राचा आधार घेणे वावगे ठरू नये. एखाद्या वस्तूला इतरांपासून वेगळे करणारा तिचा असाधारण धर्म म्हणजे तिचे लक्षण, आणि लक्षणात तीन दोष संभवतात, असे नैयायिक सांगतात. गाईचे लक्षण ‘तांबूस रंग’ असे केले तर पांढऱ्या गाई सुटून जातात, ही अव्याप्ती. ‘शिंगे असणे’ असे केले तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. आणि ‘एकसंध खूर’ असे केले तर एकही गाय हाती लागत नाही, हा असंभव. सुटा भाग शोधणाऱ्यांकडून नेमके हेच तीन दोष घडतात. अमुक क्रमांकाचा, अमुक गाडीचाच नग हवा असा हट्ट धरला की त्याच मापाची, दुसऱ्या नावाने समोर टांगलेली नळी दिसेनाशी होते. दुसऱ्या टोकाला, ‘दाब सहन करणारा कोणताही पाइप चालेल’ असे मानले की जीवावर बेतू शकणारी वस्तू गाडीत बसवली जाते. आणि सूचिपत्रात छापलेला परंतु कोणत्याही गोदामात नसलेला क्रमांक हा असंभवाचा शुद्ध नमुना होय. दुर्मिळ असतो तो क्रमांक. ज्या धर्मांनी नळी नळी ठरते ते धर्म दुर्मिळ नसतात. ते धर्म कोणते, हे ठरवणे हीच या दुरुस्तीतली खरी विद्या आहे.

त्या तीन दोषांपैकी अतिव्याप्तीचा धोका नगर जिल्ह्यात विशेष आहे, आणि त्याचे कारण उसाच्या शेतीत आहे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून पुढे जिल्हाभर कारखाने उभे राहिले. त्यांच्यामागून ट्रॅक्टर, उचलत्या ट्रॉल्या आणि मातीकामाची जेसीबी यंत्रे आली. या यंत्रांच्या हायड्रॉलिक होज उन्हात आणि धुळीत सतत फुटतात, त्यामुळे त्या कापून, दोन्ही टोकांना जोडण्या दाबयंत्राने आवळून, म्हणजे क्रिंपिंग करून, हातोहात देणारी दुकाने अशा भागात सहज सापडतात. क्लचच्या नळीत दाब 30 किलोच्या घरात आणि पाव इंची तारवेष्टित हायड्रॉलिक होज त्याच्या कितीतरी पट दाब सोसणारी. तेव्हा तिथूनच एक तुकडा करून घ्यावा, हा विचार अगदी स्वाभाविक आहे आणि तो चुकीचा आहे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेत खनिज तेल असते आणि त्या होजचा आतला थर सामान्यतः नायट्राइल रबराचा असतो, ज्याला खनिज तेल मानवते. क्लचमध्ये असते ब्रेक ऑइल. त्याला ऑइल म्हणण्याची पद्धत असली तरी ते तेल नव्हे; ते ग्लायकॉल जातीचे रसायन आहे आणि त्याच्या सहवासात नायट्राइल रबर फुगून मऊ पडते. ब्रेक ऑइलला ईपीडीएम नावाचे रबर लागते आणि त्या रबराला उलट खनिज तेल सोसत नाही. म्हणजे दाबाच्या कसोटीला उतरलेली होज रसायनाच्या कसोटीला नापास होते. पहिले काही आठवडे ती उत्तम चालते, मग तिचे कण सुटून स्लेव्हच्या दट्ट्यापाशी साचतात आणि मालक पुन्हा त्याच दुकानात येऊन जोडणी सैल असल्याची तक्रार करतो. ब्रेकच्या होजसाठी भारतीय मानक ब्युरोचे स्वतंत्र मानक आहे आणि त्या मानकाची खूण असलेली होज, किंवा टेफ्लॉनचा आतला थर व वरून स्टीलच्या तारांची वीण असलेली होज, हे दोनच पर्याय विचारात घ्यावेत. टेफ्लॉनला दोन्ही द्रव सारखेच.

द्रवाला मानवणारा आतला थर हा नळीचा पहिला आवश्यक धर्म; दुसरा आवश्यक धर्म टोकांचा. पोलादी नळीचे टोक नटात घट्ट बसावे म्हणून ते बाहेरच्या बाजूस पसरवतात. या क्रियेला फ्लेअरिंग म्हणतात. एका पद्धतीत टोक आत दुमडून कर्ण्यासारखे दुहेरी पसरवले जाते, तर दुसरीत त्याला बुडबुड्यासारखा फुगीर आकार दिला जातो आणि तो समोरच्या खोबणीच्या तळाशी जाऊन बसतो. ज्या सिलिंडरची बैठक एका आकारासाठी कोरलेली आहे तिच्यात दुसरा आकार आवळला तर नट घट्ट होतो, सांधा मात्र होत नाही. आट्यांचा प्रश्न याहून फसवा आहे. ब्रिटिश वंशाच्या गाड्यांत, उदाहरणार्थ स्टँडर्ड हेरल्डमध्ये, तीन अष्टमांश इंचाचे आणि दर इंचाला 24 आटे असलेले नट सापडतात. मेट्रिक गाड्यांत 10 मिलिमीटर व्यासाचे आणि 1 मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे. पहिल्याचा व्यास मिलिमीटरमध्ये 9.525 भरतो आणि आट्यांचे अंतर 1.058. फरक एवढा थोडा की इंची नट मेट्रिक भोकात दोन-तीन फेरे खुशाल जातो, पाना फिरवणाऱ्याच्या हाताला तो बसल्यासारखा वाटतो, आणि पेडलवर पहिला भक्कम पाय पडला की अल्युमिनियमच्या सिलिंडरमधले आटे ओरबाडून बाहेर येतो. नळीसाठी केलेल्या काटकसरीत मग सिलिंडरही जातो, आणि दुर्मिळ वस्तू एकाच्या दोन होतात. आटेमापक पट्टी ही अत्यंत स्वस्त वस्तू आहे. ती न वापरणाऱ्या मिस्त्रीच्या हाती अशी गाडी देऊ नये, इतके कठोर विधान इथे करायला हरकत नाही.

नळीच्या धातूविषयीही एक प्रचलित सवय सांगितली पाहिजे. फ्रिज-दुरुस्तीची तांब्याची नळी मऊ असते, हाताने वाकते, गंजत नाही आणि कुठेही मिळते, म्हणून ती क्लचला आणि कधी कधी ब्रेकलाही लावली जाते. शुद्ध तांबे कंपनाने हळूहळू कठीण होत जाते आणि नेमके नटाच्या मागे, जिथे वाकण सर्वांत जास्त तिथे, त्याला बारीक चीर पडते. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी मात्र वाकायला जवळजवळ तितकीच सोपी असून तिच्यात हा दोष फारसा नाही, आणि काही परदेशी कारखाने ती ब्रेकसाठी गेली कित्येक दशके वापरत आले आहेत. ती मिळाली तर घ्यावी. न मिळाली तर सर्वसाधारण 4.76 मिलिमीटरची दुपदरी पोलादी ब्रेक-नळी घ्यावी. तांबे नको.

याउलट लांबी, वळणे आणि वाट या गोष्टी नळीचे आगंतुक धर्म होत. त्या बदलल्या तरी नळी क्लचचीच राहते. मूळ नळीला असलेले विचित्र वळण कधी कधी दुसऱ्या इंजिनासाठी ठेवलेल्या जागेपुरते असते. नव्या नळीने सायलेन्सरच्या तप्त पाइपापासून दूर राहावे, पत्र्याच्या कडेला घासू नये, आणि गिअरपेटी इंजिनासोबत हलत असल्यामुळे तिच्याजवळचा तुकडा लवचीक असावा, एवढे पाळले म्हणजे पुरे. मात्र वाटेत कुठेही उंचवटा येऊ नये, कारण हवा वर चढते आणि उंचवट्यात अडकून बसते. काही नव्या गाड्यांच्या नळीत एक सूक्ष्म छिद्राची झडप किंवा कंप शोषणारी डबी दडलेली असते आणि टोके प्लास्टिकची, क्लिपने अडकणारी असतात. त्या झडपेवाचून गाडी चालते, पण क्लच झटक्याने पकडतो, आणि तो झटका पुढे गिअरपेटीला सोसावा लागतो. ती झडप आगंतुक मानायची की आवश्यक, यावर दोन मिस्त्रींचे एकमत होणे कठीण, आणि तसे ते झाले नाही तरी बिघडत नाही.

नळी बसल्यावर राहते ती हवा काढण्याची क्रिया. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा गाडीखाली पडून स्लेव्हचे हवा सोडण्याचे निपल सैल करतो, बुडबुड्यांसह द्रव बाहेर येतो, निपल बंद होते आणि मगच पेडल सुटते. हा क्रम उलटला की बाहेरची हवा आत ओढली जाते. जी हवा वरच्या दिशेने जाऊ पाहते तिला खाली ढकलण्यापेक्षा खालून, निपलमधून द्रव चढवून तिला वर टाकीत जाऊ देणे शहाणपणाचे, आणि एकट्या माणसालाही ते जमते. कित्येक युरोपीय वळणाच्या गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते; क्लचकडे जाणारे तोंड मुद्दाम वरच्या बाजूस ठेवलेले असते, म्हणजे क्लचची नळी फुटली तरी ब्रेकपुरता द्रव तळाशी शिल्लक राहतो. ही रचना पाहिल्यावर क्लचची नळी ब्रेकहून कमी महत्त्वाची आहे हे मान्य करावे लागते, परंतु टाकीत शिरलेली घाण आणि चुकीचा द्रव मात्र दोघांनाही सारखेच भोवतात. डॉट 4 जातीचा ताजा द्रव 230 अंश सेल्सिअसच्या वर उकळतो. तो हवेतले पाणी शोषत राहतो आणि 3.7 टक्के पाणी मुरले की त्याच्यासाठी ठरवलेली किमान उकळमर्यादा 155 अंशांवर येते. म्हणून अर्धवट उरलेली, बूच सैल असलेली जुनी बाटली या कामाला वापरू नये. सांडलेला द्रव गाडीचा रंग खातो. तो नुसता पुसू नये, पाण्याने धुवावा.

या सगळ्यात होणारा खर्च पाहिला तर नळी, नट, होज आणि द्रव मिळून तो क्लच प्लेटच्या खर्चापुढे किरकोळ ठरतो. महाग असतो तो चुकीच्या लक्षणामागे घालवलेला वेळ. नागापूरसारख्या वसाहतीत आट्यांचे माप अचूक घेणारे टर्नर आहेत आणि दिलेल्या नकाशाप्रमाणे जोडणी कातून देणारे लेथही आहेत. त्यांना गाडीचे नाव सांगून उपयोग नाही. त्यांना नळीचा बाहेरचा व्यास, दोन्ही टोकांचे आटे, फ्लेअरचा आकार, एकूण लांबी आणि आत कोणता द्रव वाहणार, हे सांगावे लागते. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी नळी शाबूत असतानाच ही मापे कागदावर उतरवून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावीत, आणि नळी फुटलीच तर तिचे दोन्ही नट व टोके नवी नळी बसून महिनाभर चालेपर्यंत भंगारात देऊ नयेत.